सात नंबरचा शिक्का

बसा हितं. चहा सांगितलाय, तो येईस्तोवर एक गोष्ट सांगतो, आन् चहा संपला तरी गोष्ट संपल्याबिगर उठायचं न्हाई. गोष्ट म्हंजी काय, एक माणूस एका गॅलरीत अडकला, एवढीच. मारामारी न्हाई, चोरी न्हाई. पण मी पॅकिंगला आन् तो चेकिंगला, अकरा वर्सं एका शेडखाली, एका बसच्या एका सीटवर, दौंडवरनं रांजणगाव आन् रांजणगाववरनं दौंड. तवा त्या गॅलरीत त्याच्या डोक्यात काय काय चाललं ते त्यानं मला तीन दिवस बसमधी सांगितलंय. न्हावरं आलं की गप व्हायचा, कारण तिथं बाकीची माणसं चढत्यात. न्हावरं मागं पडलं, माणसं डुलक्या घ्यायला लागली, की परत सुरू.

चांगदेव त्याचं नाव. दौंडचाच. सातवीतनं शाळा सुटली, पण हाताच्या अंगठ्यात असं काय हाय की इंजिनियर लोक मोजमापाची यंत्रं घेऊन बसत्यात आन् हा नुसता अंगठा फिरवून सांगतो, ह्या नळीला पीळ हाय. आमच्या कंपनीत अ‍ॅल्युमिनियमचे प्रोफाइल निघत्यात. खिडकीच्या चौकटी, दाराच्या पट्ट्या, गॅलरीचे कठडे. सोऱ्यातनं शेव पडती का न्हाई, तसंच. तापलेला ओंडका प्रेसमधी घालायचा, पुढं पोलादाचा साचा, मागनं रेटा, की साच्याच्या भोकासारखी लांबच्या लांब नळी बाहेर. आन् चेकिंगच्या टेबलावर चांगदेव. एक डोळा झाकून नळीच्या कडेवरनं बघणार, अंगठा फिरवणार, मापं घेणार, मग कागदावर शिक्का. शिक्क्यावर नाव न्हाई, नुसता गोल आन् मधी सात. त्या सातावर ट्रक हलायचा आन् त्या सातावर ट्रक थांबायचा.

तर गुरुवार, कंपनीची सुट्टी. चांगदेव लेकीकडं गेलेला, शिक्रापूरला. लेक प्राची, जावई धम्मदीप, दोघं बी दुसऱ्या कंपनीत, भाड्याच्या फ्लॅटमधी राहत्यात, चौथा मजला. नात गौतमी, साडेतीन वर्साची. त्या दिवशी तिचं नाव बालवाडीत घालायचं, म्हणून तिघं सकाळीच गेलेली. "आण्णा, तासाभरात येतो," प्राची म्हणली, "गॅलरीत कपडे वाळत घातल्यात, वारं सुटलं तर तेवढं बघा. आन् दार ओढून घेत जावा, पारवं घरात शिरत्यात." एवढंच बोलली. तिला काय ठाऊक, की ती ह्या फ्लॅटवर राहायला येऊन आठ महिने झाले, बाप पंधरा वेळा येऊन गेला, पण त्या गॅलरीत त्यानं एकदा बी पाय ठेवलेला न्हाई. आतल्या खुर्चीवर बसायचा, गॅलरीकडं पाठ करून. ऊन डोळ्यावर येतं म्हणायचा.

अकराच्या सुमारास वारं सुटलं. गौतमीचा पिवळा फ्रॉक दोरीवरनं उडाला आन् कठड्यावर अडकला, एक बाही आत, एक बाही बाहेर. चांगदेव काचेतनं बघत राहिला. फ्रॉक खाली गेला असता तर चार मजले उतरून आणला असता, त्याची त्याला काय कटकट न्हवती. पण तो जाईना आन् येईना, नुसता कठड्यावर लोंबकळत फडफडायला लागला, आन् ते त्याला बघवंना. लेकराचं कापड. आत अंग न्हाई, पण बघणाऱ्याला अंग दिसतंच. उठला, दार सरकवलं, बाहेर पडला, आन् पारवं शिरतील म्हणून माघारी हात घालून दार ओढलं. जरा जोरात ओढलं. आतल्या अंगाला खटका पडला. टक्.

ह्या आवाजाचं कसं हाय, तो लई बारीक असतो. चांगदेवनं दार ओढून बघितलं. परत ओढलं. मग काचेला दोन्ही हात लावून आत बघत उभा राहिला, दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखा. त्याची खुर्ची तिथं, चष्म्याची डबी तिथं, मोबाइल टीपॉयवर. गॅलरी चार पावलं लांब आन् दीड पाऊल रुंद. त्यानं पाठ काचेला चिकटवली. पुढं कठडा, कठड्यापलीकडं हाकेच्या अंतरावर समोरची बिल्डिंग, तिच्या बाजूनं दिसणारा हायवे, हायवेवर ट्रक एकामागं एक असे अडकलेले की हॉर्न सुद्धा दमून वाजत होते. म्हंजी पोरं बी त्याच गर्दीत कुठंतरी अडकली असणार. आत मोबाइल वाजायला लागला. वाजता वाजता टीपॉयवर हळूहळू गोल फिरायला लागला, आन् त्याला उगीच वाटलं, तो आपल्याला शोधतोय. फिरत फिरत कडेपर्यंत आला, थांबला. खिशात हात घातला तर किल्ल्यांचा जुडगा लागला. दौंडच्या घराची किल्ली, लॉकरची किल्ली, सायकलची किल्ली. ह्या दाराची न्हाई.

फ्रॉक अजून फडफडत होता. मधी दीड पाऊल. तुम्ही म्हणाल, दीड पाऊल म्हंजी काय? पण दीड पावलात माणूस आठ महिने घालवू शकतो. त्यानं हात लांब केला, पाठ काचेला तशीच ठेवून, जेवढा लांब होतो तेवढा, आन् बोटं फ्रॉकला पोचंनात. मग सोडली काच. फ्रॉक धरला, आन् धरताना तळवा कठड्यावर पडला, आन् तळवा पडला की अंगठा आपसूक खाली आतल्या कडेला गेला, जसा अकरा वर्सं जातोय. अंगठ्याला रेघ लागली. केसाएवढी. वरच्या कोपऱ्यापासनं ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी खाली, सरळ, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. ती रेघ त्यानं झोपेत बी ओळखली असती. एकशे अठरा नंबरचा साचा. त्या साच्याच्या तिसऱ्या कोपऱ्यात बारीक टवका उडालेला, त्यातनं निघंल त्या प्रत्येक नळीवर तेवढीच रेघ, तिथंच. आतल्या अंगाला हाय, नजरेत येत न्हाई, म्हणून ती चालवून घ्यायची असं ठरलेलं. रेघेचं काय न्हाई. रेघेनं कठडा पडत न्हाई.

पण एकशे अठरातनं काय एकच गाडी गेली का? वीस गाड्या गेल्या असतील. एकोणीस पक्क्या, एक कच्ची. ही कशावरनं तीच? हेच तो आठ महिने आतल्या खुर्चीवर बसून स्वतःला सांगत होता. पहिल्या दिवशी प्राचीनं हाताला धरून दाखवायला आणलं होतं, "आण्णा, बघा तरी, तुमच्याच कंपनीचा माल हाय. बिल्डरच्या ऑफिसात सर्टिफिकेट लावलंय, त्यावर सातचा शिक्का. म्हणलं ह्यांना, दुसरीकडं बघायचंच न्हाई, माझ्या आण्णाच्या हातनं गेलेला माल हाय." आन् तो दारातच थांबला. चपला घातल्या न्हाईत म्हणला.

आता थांबायला दार न्हवतं. मग त्यानं तेच केलं जे टेबलावर करतो. गुडघे वाकवले, एक डोळा झाकला आन् कठड्याच्या कडेवरनं लांब बघितलं. आन् दिसलं. मधोमध, जिथं प्राचीनं दोरीची गाठ मारली होती आन् पलीकडच्या अंगाला तुळशीच्या कुंड्या टांगल्या होत्या, तिथं कड खाली गेलेली, दोन बोटं. पक्का माल असा करत न्हाई. पक्क्याला रेटलं की तो मागं रेटतो, वजन काढलं की जागेवर येतो. कच्चा माल गप वाकतो आन् वाकलेलाच राहतो. त्यानं कुंड्या काढून खाली ठेवल्या, एकेक, हात बाहेर घालून, श्वास धरून. कपडे काढून कोपऱ्यात ठेवले, दोरी सोडली. परत वाकून बघितलं. कड होती तिथंच.

तो दिवस आता त्या दीड पावलात येऊन उभा राहिला. मला बी तो दिवस आठवतो, कारण मी तिथंच होतो. प्रेसमधनं निघालेली नळी मऊ असती. तिला भट्टीत सहा-सात तास शिजवावं लागतं, मग ती कडक होती. त्या दिवशी भट्टीची कॉइल मधीच गेली आन् माल अर्धाकच्चा निघाला. चांगदेवकडं पकडीसारखं यंत्र असतं, नळीला लावून दाबलं की काटा फिरतो. पक्क्या मालाला बारा, तेरा. त्यानं पाच नळ्या दाबल्या. सात, सहा, सात, सात, सहा. त्यानं हात वर केला. गाडी थांबली. आन् पोपटराव आले, शिफ्टचे साहेब. एरवी "ए चांग्या," त्या दिवशी "चांगदेवराव."

"चांगदेवराव, ट्रक सकाळपासनं उभाय."

"साहेब, माल कच्चा हाय. काटा सातावर."

"यंत्र तपासलं का तुझं?"

"सकाळीच तपासलं की."

"परत तपास. लाव मास्टर पीस."

मास्टर पीस म्हंजी बोटाएवढा पक्क्या अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, टोकाला लाल रंग. यंत्र बरोबर हाय का बघायला त्यावर दाबायचं, तेरा आलं म्हंजी यंत्र नीट. चांगदेवनं दाबलं.

"किती?"

"तेरा."

"मग तेरा लिही. मी तुला खोटं लिही म्हणतोय का? जे दिसतंय ते लिही." आन् जाता जाता, मागं न बघता, "परमनंटची यादी उद्या वर जाणार हाय. तुझं नाव मीच टाकलंय."

झालं. पोपटराव गेले. चांगदेव ते यंत्र आन् तो तुकडा हातात घेऊन उभा. भट्टी दुपारपर्यंत नीट होणार होती. माल परत घातला असता तर भागलं असतं. एक पाळी. फक्त एक पाळी उशीर, बाकी काय बी न्हवतं. त्यानं त्या लाल तुकड्यावर परत दाबलं. तेरा. कागदावर लिहिलं. परत दाबलं. तेरा. परत लिहिलं. पाच वेळा दाबलं, पाच वेळा लिहिलं, एकदाच लिहून खाली 'वरच्यासारखं'च्या खुणा केल्या न्हाईत, प्रत्येक आकड्यासाठी खरंच दाबलं. हे त्यानं मला न्हावऱ्याच्या पुढं सांगितलं. "मी एक बी आकडा मनानं लिहिला न्हाई रं," म्हणला. "आकडे खरे होते. पीस दुसरा होता." आन् मी? मी पॅकिंगच्या टेबलावर दहा हातांवर. मला ते लाल टोक दिसलं. मी म्हणलं, "चांगदेव, काय रं?" त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. मी पट्टी आवळली. ट्रक गेला.

पुढच्या महिन्यात तो परमनंट झाला. पेढे वाटले, मी दोन खाल्ले. वर्सानं नवीन यंत्र आलं, त्याच्याबरोबर नवीन मास्टर पीस, जुना तुकडा भंगारात टाकायचा. त्यानं टाकला न्हाई. भोक पाडलं आन् किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला. का, ते त्याला बी सांगता येत न्हाई.

गॅलरीत ऊन सरकत त्याच्या पायांपर्यंत आलं होतं. समोरच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर एक बाई आली, जावयानं एकदा नाव सांगितलेलं, करिश्मा, गाऊनवर ओढणी, कानाला मोबाइल. आली ती सरळ कठड्यावर दोन्ही कोपरं टेकवून ओणवी झाली. सगळं वजन पुढं. बोलता बोलता एक पाय मागं उचलून हलवायला लागली. चांगदेवनं कठडा ओळखला. तसलाच कठडा, तसलीच नळी. सोसायटीतल्या सगळ्या बिल्डिंगांना तोच. त्यानं हात हलवला.

"ओ ताई! ओ ताई, टेकू नका!"

तिनं मोबाइल कानापासनं जरा लांब केला. "काय काका?"

"कठड्याला टेकू नका म्हणलं."

"का? काय झालं?"

आता सांग. हीच वेळ, बोल. त्याच्या जिभेवर सगळं होतं, भट्टी, काटा, लाल टोक. आन् तोंडातनं काय आलं? "रंग... रंग ओला हाय."

ती दचकून मागं सरली. कोपरं बघितली, ओढणी बघितली, मग बोटानं कठडा पुसून बघितला. "कुठं काका? वाळलाय की. ह्याला रंगच न्हाई, हे तर अ‍ॅल्युमिनियम हाय." आन् हसत मोबाइलवर, "अगं काय न्हाई गं, समोरचं म्हातारं, ऊन लागलंय वाटतं त्याला." मग परत त्याला, "काका, आत जाऊन बसा जरा. पाणी प्या."

"व्हय व्हय," चांगदेव म्हणला. आत जाता येत न्हाई हे सुद्धा त्यानं सांगितलं न्हाई. वाळलेला फ्रॉक झटकून परत दोरीला घातल्यासारखं केलं. दोरी तर त्यानंच सोडलेली. फ्रॉक हातातच राहिला. ती बाई परत ओणवी झाली, आन् तो तिच्याकडं बघायचं न्हाई म्हणून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, शाळेत मास्तरानं उभा केल्यासारखा.

भिंतीकडं बघता बघता त्याला त्याचा बाप दिसला. दगडोबा. दौंडच्या स्टेशनात गाडी थांबली की हा लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकाचाकावर मारत जायचा आन् आवाज ऐकायचा, तडा असला की चाक बद्द वाजतं. एकदा म्हणं एका मेलचं चाक त्याला बोलल्यासारखं वाटंना. गाडी थांबवली. साहेब आले, तपासणी झाली, पाऊण तास गेला, चाकाला काय बी निघालं न्हाई. साहेबांनी सगळ्यांदेखत झापला, जातीवर गेले. घरी आला, जेवला, नेहमीसारखा. चांगदेव बारका होता, त्यानं विचारलं, "मग आबा, चाक चांगलं होतं ना?" तर बाप म्हणला, "आसंल. मला नीट वाटलं न्हाई म्हणून थांबवली. नीट वाटलं आसतं तर सोडली आसती." एवढंच. ह्यात मोठं काय हाय असं चांगदेवला वाटायचं. बाप चुकला होता की. आता त्या भिंतीपाशी त्याला कळंना, की चुकलेला बाप एवढा मोकळा कसा जेवला आन् पाच खरे आकडे लिहिणारा आपण आठ महिने लेकीच्या घरात पाठ करून का जेवतोय.

त्यानं जुडगा काढला. कठड्याचं टोक भिंतीत शिरतं तिथं प्लास्टिकची टोपी होती, ती नखानं उपटली. आत नळीची कापलेली कड, उघडी, वर मुलामा न्हाई. त्यानं लाल तुकड्याचा कोपरा त्या कडेवर टेकवला. जरा दाबला. साबणात जातो तसा गेला. मग उलटं केलं, कठड्याची कड तुकड्यावर घासली. तुकड्याला ओरखडा सुद्धा न्हाई. आता एकोणीस गाड्यांचा आडोसा गेला. तो तिथंच खाली बसला, पाठ काचेला, गुडघे पोटाशी, फ्रॉक मांडीवर. आत मोबाइल परत वाजला आन् ह्या वेळेला कडेवरनं खाली पडला.

मग काचेवर तळहात आपटल्याचा आवाज आला. त्याच्या डोक्याच्या मागं. वळून बघितलं तर गौतमी, नाक काचेला चपटं केलेलं. "आबा भोऽऽ!" मागं प्राची, "अगं बाई, आण्णा, कवापास्नं हितं? फोन किती केले! चौकात दीड तास अडकलो आम्ही." खटका उघडला, दार सरकलं, आन् ते लेकरू त्याच्या बगलेतनं सुटलं, हातात बालवाडीचं गुलाबी कार्ड, पारव्यांना दाखवायला सरळ कठड्याकडं. चांगदेवनं झडप घातली. वेणी हातात आली, वेणीच धरली, आन् असं ओढलं की पोरगी पाठीवर पडली आन् किंचाळली.

"आण्णा! वेडबिड लागलं का तुम्हाला? लेकराला असं ओढत्यात का?"

"आत घे तिला. आधी आत घे."

"अहो मामा, काय झालं?" धम्मदीप बाहेर आला, हसतच. भला पोरगा हाय. सासऱ्याला भीती वाटली असंल, ती काढावी म्हणून त्यानं काय करावं? वळला, पाठ कठड्याला टेकवली, दोन्ही कोपरं मागं टाकली आन् अंग सोडून दिलं. "बघा. काय होत न्हाई. तुमचाच माल हाय ह्यो. सात नंबर!" चांगदेवला जावयाच्या पाठीमागं ती कड वाकताना दिसली. त्याला दिसली. बाकी कुणाला दिसली न्हाई. त्यानं जावयाचा शर्ट पोटापाशी मुठीत धरला आन् आत ओढला. मग दार ओढलं, त्या दाराच्या खटक्याला बारीक किल्ली असती, ती फिरवली, काढली आन् जुडग्यात घातली. जेवला न्हाई. पाचच्या गाडीनं दौंडला आला.

ती किल्ली अजून त्याच्याकडंच हाय. प्राची रोज फोन करती, आण्णा, कपडे कुठं वाळत घालू, काय झालंय ते तरी सांगा. हा म्हणतो, गच्चीवर घाल. एक गॅलरी त्यानं बंद केली. बाकीच्या? काल बस न्हावऱ्याच्या पुढं गेली तवा तो म्हणला, रोज सकाळी डोळं उघडलं की पहिली ती बाई दिसती, पाय हलवणारी.

तर आता चहा गार झाला तुमचा, होऊ द्या. मी तुम्हाला उगाच न्हाई बसवलं. आम्हाला दोघांना अर्ज लिहिता येत न्हाई, म्हंजी अक्षरं येत्यात, पण साहेबाला लागतो तसला न्हाई. लेकीकडनं लिहून घ्यायला त्याची छाती होत न्हाई. तुम्ही तेवढा लिहून द्या. एक कंपनीला, एक बिल्डरला, एक सोसायटीच्या लोकांना, ते कठडे काढा म्हणून. गाडीचा नंबर, तारीख, साचा एकशे अठरा, सगळं मी सांगतो. खाली त्याचं नाव, त्याच्याखाली माझं, पॅकिंगवाला भैरू, लाल टोक बघितलेला. नोकरी जाईल ती जाईल, त्याचं त्यानं ठरवलंय, माझं मी. सकाळी सहाच्या बसला तो शिक्का घेऊन येतोय, अर्जांवर मारायला. फक्त एवढं करा, तुम्ही शिकलेली माणसं सवयीनं लिहून जाता म्हणून सांगतो. त्यात 'चुकून' असं कुठं लिहू नका.